आडवा : पातळीतला आणि पातळीबाहेरचा

भूमितीच्या पुस्तकात जिला ‘क्षितिजसमांतर’ म्हटलेले असते, ती रेघ फळ्यावर मारताना शिक्षक ‘आडवी रेघ’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे धरून आपण पुढे जातो. गवंड्याला मात्र तसे करून चालत नाही. दोन भिंतींवर टाकलेली तुळई आडवी असतेच. ती पातळीत आहे की नाही, हे पाणसळ ठेवल्यावर कळते. बुडबुडा एका अंगाला सरकला, तरी तुळई आडवीच राहते. भिंतीचेही तसेच. ती उभी असते. ओळंब्यात असेल किंवा नसेल.

तेव्हा आडवा म्हणजे सपाट नव्हे. कशाला तरी छेदून जाणारा तो आडवा. शेतकरी ‘उभी-आडवी नांगरट’ म्हणतो, तेव्हा दोन्ही वेळची तासे जमिनीवरच असतात. भूमितीच्या हिशेबाने त्यांत उभे काहीच नाही. पट्टीच्या लांबीने जाते ते उभे, तिला छेदते ते आडवे, एवढाच तो व्यवहार.

छेदणारा वाट अडवतोही. मांजर आडवे जाते, झाड रस्त्यात आडवे पडते, मागचे पाप आडवे येते. ‘आड’ आणि ‘अडणे’ एकाच कुळातले. कानडीत ‘अड्ड’, तेलुगूत ‘अड्डम्’ हे आडवेपणाचे आणि अडथळ्याचेही शब्द आहेत. तेलुगू शब्दकोड्यात आडव्या शब्दांवर ‘अड्डं’ असेच लिहिलेले असते. आपल्या ‘आडनावा’ला तर कानडीत ‘अड्डहेसरु’ हा सख्खा भाऊ आहे. (पाणी काढायचा आड मात्र वेगळा, त्याला या घरात घेऊ नये.)

या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात ते बाळंतिणीच्या खोलीत. ‘बाळ आडवे आहे’ म्हणजे ते आईच्या कण्याला छेदून पडले आहे. आई उभी असो की निजलेली, ते आडवेच. क्षितिजाचा येथे काही संबंध नाही. पूर्ण दिवसांचे असे बाळ वळले नाही, तर त्याला आपोआप वाट मिळत नाही आणि शस्त्रक्रियाच करावी लागते. ‘बाई अडली’ हे सुईणींचे शब्द त्या काळी किती भयाचे असतील, याची कल्पना आज दवाखाना जवळ असणाऱ्याला येणे कठीण.

दुसरे ठिकाण शिवाराचे. ‘उताराला आडवी मशागत करा’ असा सल्ला कृषी खात्याची पत्रके देत आली आहेत. सल्ला अगदी खरा आहे. प्रत्येक पावलाला उताराशी काटकोन धरून चालले, तर माणूस ना चढतो ना उतरतो. म्हणजे येथे, आणि येथेच, आडवे आणि पातळीतले एक होतात. तासांत पाणी थांबते, मुरते, माती जागेवर राहते. पण ऐकणाऱ्याचे ‘आडवे’ बहुधा धुऱ्याच्या हिशेबाचे असते. पट्टी उताराला तिरपी असली, की धुऱ्याला आडवे तास उताराच्या अंगाने तिरके पडते आणि पाण्याला वाट करून देते. आमच्या पत्रकांनी ‘कशाला आडवे’ हे चित्र काढून दाखवायला हवे होते.

बांधाच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते. वरचा काठ पातळीत नसला, की साठलेले पाणी सखल जागी चढते, तेथून ओसंडते आणि बांधाला खांड पडते. मग पाझरत जायचे पाणी एकाच ओहळाने माती घेऊन सुटते. म्हणून आखणी करणारे नजरेवर विसंबत नाहीत. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीची दोन टोके दोघेजण दोन पट्ट्यांना धरून उभे राहतात. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आले, की खाली फक्कीची खूण पडते. नाही आले, तर पुढचा माणूस उतारावर एक पाऊल वर किंवा खाली सरकतो. शेवटी खुणा जोडल्या, की रेघ ओढ्याच्या वळणासारखी नागमोडी दिसते. शेतमालक हमखास विचारतो, ‘ही आडवी कशी?’