थंडीत नेम चुकू नये म्हणून...

आमच्या चेन्नईच्या घरात स्वेटर वर्षभर माळ्यावरच्या बॅगेत डांबरगोळ्यांच्या सोबतीला असतात. जानेवारीतही इथे पहाटेचा पारा फारसा खाली उतरत नाही. त्यामुळे लेकीची तिरंदाजीची स्पर्धा जानेवारीत दिल्लीला आहे असं कळल्यावर मी दुकानातलं सगळ्यात जाड जाकीट उचललं आणि निश्चिंत झाले.

मैदानावर तिचा पहिलाच बाण सुटला आणि धनुष्याची दोरी फुगलेल्या बाहीला घासली. बाण पिवळ्या वर्तुळाऐवजी थेट काळ्यात! जाकीट काढलं, तर पोर कुडकुडायला लागली. चूक तिच्या नेमाची नव्हती, माझ्या खरेदीची होती.

थंडीतल्या तिरंदाजाला ऊब हवी, पण जाडी नको. हा पेच सोडवायचा कसा?

शिकाऱ्यांकडून एक धडा

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. अमेरिका-कॅनडात मात्र काही जण कडाक्याच्या थंडीत धनुष्य घेऊन तासन्‌तास एका जागी बसतात. त्यांचा एक नियम आपल्या खेळाडूंनाही उपयोगी आहे: चालताना कमी कपडे घालायचे आणि जागेवर पोहोचल्यावर चढवायचे. चालून घाम आला की कपडे ओले होतात आणि बसल्यावर तोच ओलावा अंगातली ऊब काढून घेतो.

तीन थर

अंगालगत सुती बनियन नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं. त्याऐवजी अंगाला बसणारं थर्मल घाला. त्यावर पातळ लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर. वारा असेल तर सगळ्यात वर बिनबाह्यांचं जाकीट. छाती-पोट उबदार राहतं आणि हात मोकळे राहतात. धड गार पडलं की शरीर बोटांकडचा रक्तपुरवठा कमी करतं. म्हणून बोटं गारठू नयेत, तर आधी छाती, मान आणि डोकं झाका.

दोरीची वाट मोकळी ठेवा

धनुष्य धरणाऱ्या हाताची बाही घट्ट हवी. आर्म गार्ड बाहीच्या वरून बांधा, चेस्ट गार्डही स्वेटरच्या वरून. मफलरची टोकं, टोपीच्या नाड्या, लोंबणारी चेन हे सगळं आत खोचा. कानटोपी चालेल, पण दोरी चेहऱ्याला जिथे टेकते तिथे लोकर येता कामा नये.

हात आणि पाय

जाड हातमोज्यांत दोरीचा अंदाज येत नाही. त्यामुळे नंबर येईपर्यंत मोजे घाला, रेषेवर जाताना काढा आणि परत आल्यावर लगेच चढवा. दोन जोड पायमोजे घालायचे असतील तर बूट थोडे सैल घ्या. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. गार जमिनीवर उभं राहायचं असेल तेव्हा वाट पाहण्याच्या जागी पायाखाली जाड पुठ्ठा टाका. थर्मासमध्ये गरम पाणी आणि डब्यात तिळाचे लाडू असू द्या.

सराव घरीच

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. स्पर्धेचे कपडे पहिल्यांदा स्पर्धेतच घालू नका. चेन्नईच्या उकाड्यात स्वेटर घालून मैदानात उतरलेलं पाहून लोक हसतील, हसू द्या! दहा मिनिटं पुरतात. प्रशिक्षकांसमोर सगळे थर चढवून, जवळच्या लक्ष्यावर पाच-सहा बाण मारून पाहा. दोरी कुठे घासते ते लगेच कळतं. मात्र बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नका. त्यानं धनुष्य मोडू शकतं आणि इजाही होऊ शकते.

ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटरचं असतं. तिथे बाहीचा एक पुसटसा स्पर्शही महाग पडतो.

पुढच्या स्पर्धेला आम्ही ते जाड जाकीटही नेलं. फक्त ते लेकीच्या अंगावर नव्हतं. दोन फेऱ्यांच्या मधे ती खुर्चीत बसली, की मी तिच्या खांद्यांवर ते पांघरत होते.