रेघ पुसणारी स्वच्छता

हाताने रेखाटलेला जुना ॲनिमेशनपट ब्लू-रेवर पाहायचा म्हटले की चित्र नितळ, गुळगुळीत असावे, एवढीच बहुतेकांची अपेक्षा असते. अशा चित्रपटाचा घात करते ती नेमकी हीच अपेक्षा. डिस्नेचा १९६३ सालचा ‘द स्वोर्ड इन द स्टोन’ हे त्याचे बोलके उदाहरण. पूर्वी ॲनिमेटरने पेन्सिलीने काढलेले प्रत्येक चित्र दुसरे कुणीतरी पारदर्शक सेलवर शाईने गिरवत असे. अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचे तंत्र ॲनिमेशनसाठी घडवले, १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये ते पूर्ण लांबीच्या चित्रपटभर वापरले गेले आणि गिरवण्याचा टप्पाच गळाला. पेन्सिलीची मूळ रेघ थेट सेलवर उतरू लागली. तिच्यासोबत तिचा खडबडीतपणा, दुहेरी फटकारे, अर्धवट पुसलेल्या खुणाही आल्या. या काळातल्या डिस्नेपटांचे रूपच या रेघेने घडवले आहे.

ही रेघ घरच्या पडद्यावर नीट दिसायला पुरेसे बिंदू हवेत. पाल पद्धतीच्या डीव्हीडीच्या चौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांहून थोडे कमी बिंदू असतात; ब्लू-रेच्या चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक. डीव्हीडी वाचणाऱ्या लाल लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, तर ब्लू-रेच्या निळसर-जांभळ्या लेझरची ४०५. तरंगलांबी कमी असली की प्रकाश अधिक बारीक ठिपक्यावर एकवटता येतो. त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या तबकडीच्या एका थरात ४.७ ऐवजी २५ गिगाबाइट माहिती मावते. पेन्सिलीचा खडबडीतपणा जपायला ही जागा भरपूर आहे. तरीही या चित्रपटाच्या २०१३ च्या ब्लू-रेवर समीक्षकांनी टीका केली, कारण त्यात रेघा विरल्या होत्या आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीचा पोत मेणचट झाला होता.

दोष तबकडीच्या क्षमतेचा नव्हता. चित्र ‘साफ’ करणाऱ्या डिजिटल नॉइज रिडक्शनचा अतिवापर झाला होता. ही प्रक्रिया लागोपाठच्या चौकटी ताडून पाहते. जे स्थिर आहे ते ठेवते आणि जे चौकटीगणिक बदलते त्याची सरासरी काढून ते मावळवते. फिल्मवरचा रवाळपणा दर चौकटीत वेगळा असतो, म्हणून तो जातो. पण हाताने काढलेली रेघही दर चित्रात किंचित हलते, कारण प्रत्येक चित्र नव्याने काढलेले असते. संगणकाला हा जिवंत थरथराटही गोंगाटच वाटतो. शिवाय तो रवाळपणा निरुपयोगी नसतो. ब्लू-रेवर प्रत्येक मूळ रंगाच्या छटा आठ बिटांत, म्हणजे फार तर २५६ पायऱ्यांत मांडल्या जातात. संध्याकाळच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात या पायऱ्या पट्ट्यांसारख्या उघड्या पडू शकतात. रवाळपणामुळे त्यांच्या कडा विस्कटतात आणि डोळ्याला रंग सलग भासतो. तो काढून टाकला की ते पट्टे वर येतात.

यावर कुणी म्हणेल, मग धूळ आणि ओरखडेही ठेवायचे का? नाही. फिल्मवर पडलेला धुळीचा कण सहसा एकाच चौकटीत दिसतो. शेजारच्या चौकटींच्या आधारे तेवढीच जागा दुरुस्त करता येते. त्यासाठी सगळे चित्र गुळगुळीत करावे लागत नाही. ‘टॉय स्टोरी’सारखे संगणकावर घडलेले चित्रपट नितळ दिसतात, हा आक्षेपही इथे लागू पडत नाही. त्यांची चित्रे संगणकातच तयार झाल्याने तिथे नितळपणा हेच मूळ रूप आहे. सोफ्यावरून एवढे कुठे दिसते, या प्रश्नात मात्र तथ्य आहे. साधारण नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. म्हणजे ४३ इंची पडद्यावरचे १०८० रेषांचे सगळे बारकावे टिपायला सुमारे पावणेदोन मीटरच्या आत बसावे लागते. पण मेणचट पोत आणि आकाशातले पट्टे त्याहून मोठे असतात. ते दुरूनही खुपतात.

तितकाच दुरून खुपणारा दुसरा बिघाड आपल्या टीव्हीतच असतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि ॲनिमेटर अनेकदा एक चित्र दोन चौकटी धरून ठेवतो, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. हालचालीचा ठसका या हिशेबातूनच येतो. टीव्हीतले मोशन स्मूदिंग मधल्या चौकटी अंदाजाने बनवून भरते. त्यामुळे ठसका बोथट होतो आणि रेघा वाकड्या होतात. क्रिकेटच्या सामन्यात ही सोय चालून जाते, हाताने काढलेल्या चित्रात नाही. तबकडी बनवताना पुसलेले प्रेक्षकाला परत आणता येत नाही, टीव्हीचे मात्र त्याच्या हातात आहे. म्हणून मुलांना घेऊन असा चित्रपट लावण्याआधी सेटिंगमध्ये जा, मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद करा आणि ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो सुरू करा.