पोलादी हत्ती आणि चालती तोफ : विज्ञानकथेतील एका युद्धयंत्राची कुळकथा

पायांवर चालणारा अवजड तोफगाडा ही विज्ञानकथेतील एक ठरीव कल्पना होय. १९८० साली प्रदर्शित झालेल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटात बर्फाळ मैदानावरून चार पायांची प्रचंड चिलखती यंत्रे संथ गतीने चालत येतात. २००२ च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’मध्ये त्याच कुळातील सहा पायांचे यंत्र पाठीवर भली मोठी तोफ वागवताना दिसते. या यंत्रांचे पाश्चात्य तंत्रविश्वाशी असलेले नाते उघड आहे. म्हणून मराठी साहित्याच्या अभ्यासकाला त्यांच्याशी काही कर्तव्य नाही, असा समज सहज होऊ शकतो. परंतु या कल्पनेची वंशावळ मागे नेऊ लागल्यास ती एका अनपेक्षित प्रदेशात येऊन पोहोचते. तो प्रदेश म्हणजे औरंगाबाद, वेरूळ आणि अजिंठा. आणि त्या वंशावळीच्या मध्यभागी एक मराठी माणूस उभा आहे.

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याची ‘ला मेझों आ वापर’, म्हणजे ‘वाफेवर चालणारे घर’, ही कादंबरी १८७९-८० मध्ये क्रमशः आणि १८८० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे पहिले प्रकरण ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी औरंगाबाद शहरात घडते. भिंतीवर एक जाहीरनामा लागलेला आहे : धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब यांना जिवंत वा मृत हजर करणाऱ्यास दोन हजार पौंडांचे बक्षीस. एक फकीर पुढे येतो आणि कागदावरचे नाव फाडून टाकतो. हा फकीर म्हणजे स्वतः नानासाहेबच. तेथून कथानक वेरूळच्या लेण्यांत आणि पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत जाते. तेथे नानासाहेबांचा भाऊ व साथीदार त्यांची वाट पाहत असतात. ज्या घाटाच्या पायथ्याशी आज फर्दापूर हे लेण्यांचे प्रवेशद्वार बनलेले गाव आहे, त्याच घाटात व्हर्नने बंडाच्या दुसऱ्या पर्वाची खलबते योजिली. व्हर्न हिंदुस्थानात कधीही आलेला नव्हता. लुई रूसले याच्यासारख्या प्रवाशांच्या वर्णनांवर त्याची भिस्त होती. इतिहासातील नानासाहेब १८५७ नंतर नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले आणि १८५९ मध्ये त्यांच्या मृत्यूची वार्ता आली. त्यांना १८६७ पर्यंत जिवंत ठेवणे ही कादंबरीकाराने घेतलेली मुभा आहे.

या कथेचे दुसरे टोक कलकत्त्याजवळ सुरू होते. बँक्स नावाच्या इंग्रज अभियंत्याने भूतानच्या राजासाठी बनविलेला ‘पोलादी महाकाय’ हा वीस फूट उंच व तीस फूट लांब यांत्रिक हत्ती राजाच्या मृत्यूनंतर बँक्सकडेच येतो. सोंडेतून धूर निघतो, डोळ्यांच्या जागी विजेचे दिवे आहेत, पोटात बॉयलर आहे. तो देवळाच्या आकाराची दोन फिरती घरे ओढीत उत्तर हिंदुस्थानातून निघतो. आत बसलेला कर्नल मन्रो हा कानपूरच्या हत्याकांडात आपली पत्नी मारली गेली असे समजणारा, सूडाने पेटलेला लष्करी अधिकारी आहे. वाटेतील लोक यंत्राकडे पाहतात तेव्हा त्यांना यंत्र दिसत नाही, पावले टाकीत चाललेला हत्ती दिसतो. व्हर्नच्या योजनेतील खरी मेख येथेच आहे.

यंत्राला हत्तीचे रूप का द्यावे? परदेशी वाचकाला रिझवण्यासाठी पूर्वेचा थोडा मसाला, असे उत्तर अनेकदा दिले जाते. ते अपुरे आहे. अवजड शस्त्र वाईट जमिनीवरून कसे हलवावे, या प्रश्नाला दख्खनेत शतकानुशतके जे उत्तर होते तेच व्हर्नने लोखंडात ओतले. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ पुढे परांड्याला आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. तिच्यासाठी चारशे बैल व दहा हत्ती जुंपल्याची परंपरा सांगितली जाते. आकडे परंपरेचे असोत, अडचण मात्र खरी होती. काळ्या मातीत चाक रुतते आणि घाटात घसरते. जनावराचा पाय रुतला तरी उपसून पुढच्या घट्ट जागी ठेवता येतो. चाकाला सलग वाट लागते, पायाला पाऊल टेकण्यापुरती जागा पुरते. चालत्या यंत्राच्या बाजूने जो काही शास्त्रीय युक्तिवाद आहे तो एवढाच, आणि तो हत्तीच्या माहुताला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

तोफ ओढण्याच्या पलीकडे ती पाठीवर वाहण्याची कल्पनाही आपल्याकडे जुनी आहे. ‘ऐन-ए-अकबरी’त एका हत्तीवरून वाहून नेता येणाऱ्या ‘गजनाळ’ तोफांचा उल्लेख येतो. उंटावरच्या ‘सुतरनाळा’ आणि ‘जंबुरके’ मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहेत. चालता तोफगाडा ही वस्तू म्हणून कल्पनेपूर्वी वास्तवात होती. मात्र पाठीवरची तोफ लहानच असावी लागे. मोठी तोफ उडताच मागे जो धक्का बसतो तो कोणत्याही जनावराच्या कण्याला सोसणारा नव्हता.

आणि जनावर मरते. फर्दापूरच्या पंचक्रोशीपासून फार दूर नसलेल्या असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या लढाईत याचा दाखला आहे. शिंद्यांच्या तोफखान्याच्या माऱ्याखाली वेल्स्लीच्या तोफांचे बैल इतके पडले की त्या तोफा मागे टाकून पायदळाला पुढे जावे लागले. विजयानंतर शिंद्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. दोन्ही बाजूंचे दुखणे एकच होते : जिंकणाऱ्याची तोफ पुढे जाऊ शकली नाही आणि हरणाऱ्याची मागे.

हत्तीची गोष्ट आणखी निराळी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदी सैन्यात जड तोफा हत्ती ओढीत. परंतु प्रत्यक्ष माऱ्याच्या टप्प्यात आल्यावर हत्ती सोडून बैल जुंपले जात. रड्यार्ड किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मधील (१८९४) छावणीतील जनावरांच्या कथेत तोफ ओढणारा हत्ती याचे कारण स्वतःच सांगतो. गोळा फुटल्यावर काय होईल हे त्याला आधीच मनात दिसते, बैलांना ते दिसत नाही. हे निरीक्षण वाङ्मयदृष्ट्या फार मोलाचे आहे. हत्ती भितो कारण त्याला कल्पनाशक्ती आहे. म्हणून युद्धाला हवा असतो तो हत्तीचा पाय, पाठ आणि वजन. नको असते ते त्याचे मन. व्हर्नचा पोलादी महाकाय म्हणजे मन वजा केलेला हत्ती. कादंबरीत एका तळ्याजवळ रानटी हत्तींचा मोठा कळप या यंत्रावर तुटून पडतो आणि त्याचे एक घर मोडून टाकतो. हा प्रसंग साहस म्हणून वाचला जातो. पण सजीव हत्तींनी आपल्या निर्मन प्रतिकृतीवर केलेला हल्ला म्हणून तो अधिक अर्थपूर्ण ठरतो.

महाकायावर तोफ चढविलेली नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. तोफ कादंबरीत आहे, पण ती दुसरीकडे, विंध्यातील एका पडक्या किल्ल्यात. नानासाहेब मन्रोला पकडतात आणि त्या अजस्र तोफेच्या तोंडाला बांधतात. इंग्रजी वाचकाला हा राक्षसी क्रौर्याचा कळस वाटावा अशी रचना आहे. प्रत्यक्षात तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा १८५७ मध्ये कोणी कोणाला दिली, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. १८५७ च्या जूनमध्ये पेशावर येथे इंग्रजांनी ४० शिपायांना एकाच दिवशी असे उडविले. व्हर्नला हा इतिहास ठाऊक होता आणि नानासाहेबांच्या तोंडी त्याने तो घातलाही आहे. न्यायाचा काटा मात्र त्याने कर्नलच्या बाजूला झुकता ठेवला. पुढे मन्रो सुटतो, नानासाहेब पकडले जातात आणि त्यांना पोलादी हत्तीवर जखडले जाते. पाठलाग करणाऱ्यांच्या गर्दीत बॉयलर फुटतो. म्हणजे जी तोफ जागची हलत नाही ती बंडखोराची, आणि जे यंत्र चालते ते सत्ताधाऱ्याचे. अखेरीस त्या चालत्या यंत्राचाच तोफगोळा होतो. स्थिर शस्त्र आणि चालते वाहन या दोन वस्तू व्हर्नने वेगळ्या ठेवल्या होत्या. शेवटच्या स्फोटात त्या एक झाल्या. चालत्या तोफेच्या कल्पनेचा जन्म शोधायचा तर या स्फोटात शोधावा, असे म्हणण्यास जागा आहे.

व्हर्ननंतर एच. जी. वेल्स. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधील (१८९८) मंगळवासीयांची तीन पायांची यंत्रे उष्णतेचा किरण घेऊन इंग्लंडच्या खेड्यांतून चालतात. येथे पाय आणि शस्त्र प्रथमच एका देहात आले. जे साम्राज्य इतरत्र यंत्र घेऊन गेले त्याच्याच घरी यंत्र चालत आले, ही वेल्सची उलटापालट प्रसिद्ध आहे. त्यापेक्षा कमी वाचली जाणारी त्याची १९०३ मधील ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ ही कथा या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तीत चाकांच्या कडेला पाय लावलेली चिलखती यंत्रे खंदक ओलांडतात. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर खरे रणगाडे उतरले तेव्हा ते पायांवर नव्हे, पोलादी पट्ट्यांवर चालले. वास्तवाने पाय नाकारला.

तो का नाकारला हे समजून घेणे अवघड नाही. शरीर सर्व बाजूंनी दुप्पट मोठे केले तर वजन आठपट होते, पण पायाचा छेद चौपटच होतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडलेले हे तत्त्व जनावराला लागू आहे तसे यंत्रालाही. शिवाय पायांवरची तोफ जमिनीपासून जितकी उंच, तितका तिचा मागचा धक्का यंत्राला उलथविण्यास समर्थ. उंच लक्ष्यावर नेम धरणे शत्रूलाही सोपे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्करासाठी चार पायांचे एक चालते यंत्र खरोखर बनविण्यात आले. आत बसलेला माणूस आपल्या हातांनी पुढचे आणि पायांनी मागचे पाय हलवीत असे. यंत्र चालले, माणूस थकून गेला आणि प्रकल्प तेथेच राहिला. हत्तीचे मन वजा केले की त्याची जागा कोणाच्या तरी देहाने भरून काढावी लागते, हे त्या प्रयोगाने दाखविले. आज संगणक ते काम बऱ्याच अंशी करू शकतो आणि लहान चतुष्पाद यंत्रे प्रत्यक्ष चालतातही. अवजड तोफ मात्र अजून चाकांवर आणि पट्ट्यांवरच आहे.

मग विज्ञानकथेने पाय का सोडला नाही? याचे उत्तर यंत्रशास्त्रात नसून कथनात आहे. चाकाचे वाहन येते आणि जाते. पावलाचे वाहन येत राहते. प्रत्येक पावलात एक विराम असतो आणि त्या विरामात भय साठते. शिवाय पाय असलेली वस्तू अडखळते, गुडघ्यावर येते, कोसळते. तिचा पराभव वाचकाला आपल्या देहात जाणवतो. १९८० च्या त्या चित्रपटात दुर्बल पक्ष यंत्राच्या पायांभोवती तार गुंडाळून त्याला पाडतो. यंत्राची चाल बसविताना चित्रपटाच्या कलावंतांनी खऱ्या हत्तीच्या चालीचा अभ्यास केला होता. व्हर्नच्या कादंबरीनंतर बरोबर शंभर वर्षांनी यंत्राला पुन्हा हत्तीकडेच जावे लागले.

मराठी विज्ञानकथेने या महाकाय यंत्राला फारसे जवळ केले नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांतून जी धारा बळावली तिचा ओढा संकल्पनेकडे होता, यंत्राच्या आकाराकडे नव्हे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा येथे ध्यानात घ्यावी. पानिपतासारखा विषय, ज्यात इब्राहिमखान गारद्याच्या जड तोफखान्याला मध्यवर्ती स्थान देता आले असते. पण नारळीकरांची कथा वळते ती विश्वासरावांना चाटून गेलेल्या एका गोळीवर. प्रचंड वस्तूच्या जागी अत्यल्प फरक. ही निवड वाङ्मयीन दृष्ट्या परिपक्व आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यामुळे नानासाहेबांना जखडलेल्या त्या पोलादी हत्तीला मराठीतून कोणी उत्तर द्यावे, ही जागा मोकळी राहिली.

त्या उत्तराचे साहित्य फर्दापुराहून थोड्याच अंतरावर आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाच्या भिंतीवर नौकांतून उतरणारे युद्धगज रंगविलेले आहेत. पाचव्या शतकातील चित्रकाराने सैन्याचा सारा भार त्यांच्या देहांवर तोलला आहे. त्याच लेण्याच्या ओसरीत नालगिरीचे चित्र आहे. बुद्धाला चिरडण्यासाठी देवदत्ताने मद पाजून सोडलेला हा हत्ती म्हणजे अगदी शब्दशः चालते शस्त्र : नेम धरणारा दुसरा, धावणारा तो. रस्त्यातली माणसे सैरावैरा पळत आहेत, सज्जांतून लोक भयाने पाहत आहेत. आणि त्याच चित्रपटात थोड्या अंतरावर तोच हत्ती बुद्धापुढे गुडघे टेकून बसला आहे. चित्रकाराने मधला क्षण, जेथे शस्त्र नकार देते, रंगविलेला नाही; दोन आकृतींच्या मधल्या जागेत तो पाहणाऱ्याने भरायचा आहे. व्हर्नने आपल्या नानासाहेबांना अजिंठ्यापर्यंत आणले ते लपण्याच्या जागेसाठी. त्याचा पोलादी हत्ती या ओसरीपर्यंत कधी आला नाही.