नाशवंताचे नियोजन : बंगळुरूचा चैत्र

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेले असल्यामुळे तेथील उन्हाळा विदर्भ-मराठवाड्याच्या मानाने सौम्य समजला जातो. तरीही २४ एप्रिल २०१६ रोजी या शहरात ३९.२ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती, आणि एप्रिल हा तेथील सर्वांत उष्ण महिना असतो. मे महिन्यात वळिवाच्या सरी वाढल्या की हवा पुन्हा निवते. युगादी, रामनवमी आणि करग हे उत्सव, रामनवमीच्या निमित्ताने भरणारा संगीतोत्सव आणि आंब्याच्या हंगामाची सुरुवात, हे सारे मुख्यतः याच तापलेल्या पट्ट्यात येते. या उत्सवांत जे खाल्ले, प्यायले, ऐकले आणि पाहिले जाते त्यातील बहुतेक गोष्टी नाशवंत असतात, म्हणजे त्या साठवून ठेवता येत नाहीत आणि ठरावीक तासांच्या आतच त्यांचा उपभोग घ्यावा लागतो. म्हणून या उत्सवामागच्या श्रमाचा विचार करायचा झाल्यास कौशल्याइतकेच अंदाजाला महत्त्व द्यावे लागते.

रामनवमीच्या मांडवांची गर्दी चामराजपेठ, बसवनगुडी, मल्लेश्वरम या जुन्या वसाहतींत अधिक दिसते. यांपैकी चामराजपेठ १८९२ मध्ये वसवली गेली, तर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम यांना १८९८ च्या प्लेगनंतर वेग आला. जुन्या पेठेतील दाटी टाळण्यासाठी त्यांची आखणी सरळ रस्ते आणि काटकोनातील चौक अशी झाली. अशा चौकात दहा-बारा माणसांना उभे राहून काम करता येईल एवढा मांडव रहदारी न अडवता घालता येतो. देवळांच्या आवारात, रिक्षाथांब्यांवर आणि दुकानांच्या पुढ्यातही असे मांडव पडतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची जात, भाषा किंवा ओळख न विचारता पानक, कोसंबरी आणि नीरमज्जिगे देण्यात येते.

पानक म्हणजे गुळाचे सुगंधी पाणी. ते उकळले जात नसल्यामुळे त्याची सारी शुद्धता गाळण्यावर अवलंबून असते. पहाटे गूळ फोडून मोठ्या पातेल्यात पाण्यात भिजत घातला जातो, तो विरघळला की पातळ सुती कापडातून एकदा आणि गरज पडल्यास दुसऱ्यांदा गाळला जातो. कारण गुळात उसाची चिपाडे आणि बारीक रेती असते, आणि तळाशी उरलेला हा गाळ पातेले ढवळताना वर आला तर शेवटच्या पन्नास माणसांच्या वाट्याला तोच येतो. त्यानंतर सुंठ, वेलची आणि मिरी यांची पूड पडते. ही पूड पाण्यावर तरंगून गुठळ्या धरते म्हणून जाणते हात ती आधी वाटीभर पानकात कालवून मग पातेल्यात ओततात. लिंबाचा रस सर्वांत शेवटी आणि लागेल तसा पिळला जातो, कारण पिळून ठेवलेले लिंबू उन्हात काही वेळाने कडवट लागू लागते. काही घरांत लिंबाऐवजी कवठाचा गर वापरतात, तर खरबुजाचे पानकही या दिवशी आवडीने केले जाते. तिसऱ्या प्रहरापर्यंत उरलेले गुळाचे पाणी उन्हाने आंबू लागते, आणि म्हणूनच सबंध दिवसाचे पानक सकाळीच करून ठेवण्याऐवजी गुळाचे दाट पाणी वेगळे ठेवून त्यात थोडे थोडे साधे पाणी मिळवीत जाण्याची पद्धत पाळली जाते.

कोसंबरीचा, म्हणजे भिजवलेल्या डाळीच्या कोशिंबिरीचा, हिशेब याहून नाजूक असतो. सालीविरहित मुगाची डाळ तासाभरात भिजते, हरभऱ्याच्या डाळीला त्याच्या दुप्पट किंवा अधिक वेळ लागतो, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या कोसंबरी करायच्या असतील तर डाळी वेगवेगळ्या भांड्यांत आणि वेगवेगळ्या वेळी भिजत घालाव्या लागतात. डाळ भिजली की नाही हे घड्याळावरून ठरत नाही. दाणा नखाने दाबला असता तो पिठूळ न होता चटकन तुटला पाहिजे, अशी कसोटी आहे. डाळ चाळणीत पूर्ण निथळल्यावर तिच्यात बारीक चिरलेली काकडी, ओले खोबरे, कोथिंबीर आणि हिरवी मिरची मिसळून वरून मोहरी-हिंगाची फोडणी देतात. मीठ आणि लिंबू मात्र वाढण्याच्या वेळेपर्यंत घालत नाहीत, कारण मिठाने काकडीला पाणी सुटते, डाळ त्या पाण्यात लिबलिबीत होते आणि उन्हाळ्यात असे मिश्रण दोन-तीन तासांपलीकडे खाण्याजोगे राहत नाही. म्हणून एका मोठ्या घमेल्याऐवजी लहान लहान घाण्यांत मीठ कालवले जाते. पहिला घाणा संपत आला की दुसऱ्यात मीठ पडते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरी घातलेली वाटली डाळ आणि पन्हे करणाऱ्या मराठी घरांना या जोडीचे तर्कशास्त्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही : दोन्हीकडे भिजवलेली पण न शिजवलेली डाळ आणि आंबटगोड पेय आहे, दोन्हीकडे चुलीचे काम जवळजवळ नाही, आणि दोन्हीकडे घामावाटे जाणारे पाणी व मीठ भरून काढण्याची सोय आहे. फरक आहे तो जागेचा. महाराष्ट्रात हा प्रसाद मुख्यतः घरातील समारंभात दिला जातो, तर बंगळुरूमध्ये तो चौकात आला आहे.

नीरमज्जिगे, म्हणजे आले, मिरची, कढीपत्ता आणि हिंग लावलेले पातळ ताक, हे या तिघांतील सर्वांत सोपे काम मानले जाते. त्यात ताक अधिक आंबट होण्याआधी ते संपवणे एवढीच अट असते. वाढण्याच्या साधनांचा प्रश्न मात्र सोपा राहिलेला नाही. कर्नाटकाने २०१६ मध्ये एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर व्यापक बंदी घातल्यानंतर कागदी पेले, सुपारीच्या विरीचे द्रोण आणि धुऊन वापरायचे स्टीलचे पेले असे पर्याय पुढे आले. स्टीलसाठी धुण्याचे पाणी आणि दोन जादा माणसे लागतात, द्रोणात पातळ पेय फार वेळ टिकत नाही, आणि कागदी पेल्यांचा ढीग संध्याकाळी कोणीतरी उचलावा लागतो. यांपैकी कोणता त्रास पत्करायचा हे प्रत्येक मंडळाला आधीच ठरवावे लागते.

दिवसाचा हा उत्सव संध्याकाळी संगीताकडे वळतो. चामराजपेठेतील श्रीरामसेवा मंडळीने १९३९ मध्ये एस. व्ही. नारायणस्वामी राव यांच्या पुढाकाराने रामनवमीचा संगीतोत्सव सुरू केला, आणि फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरील मांडवात सुमारे महिनाभर चालणारा हा उत्सव कर्नाटक संगीताच्या जगात मानाचा मानला जातो. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यासारख्या गायिकेने या मंचावरून गायन केले आहे, आणि मुख्य भर कर्नाटक पद्धतीवर असला तरी हिंदुस्थानी कलावंतांनाही येथे स्थान मिळत आले आहे. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सवासारखे खुल्या मांडवातील मोठे संगीतोत्सव थंडीत भरतात. येथे मात्र भर उन्हाळ्यात, सूर्य मावळल्यानंतर पठारावरील हवा लवकर निवते या भरवशावर, हजारो श्रोत्यांना मैदानात बसवले जाते. त्या भरवशाला वळीव अधूनमधून धक्का देतो. मांडवाच्या पत्र्यावर पावसाचा ताशा सुरू झाला की ध्वनिक्षेपकाची व्यवस्था पाहणाऱ्यांची परीक्षा असते.

हवेचा परिणाम वाद्यांवर किती थेट होतो हे मृदंगाकडे पाहिल्यास कळते. मृदंगाच्या उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते, तर डाव्या तोंडावर, ज्याला तोप्पी म्हणतात, कार्यक्रमाच्या थोडे आधी पाण्यात कालवलेल्या रव्याचा गोळा थापला जातो; वारकरी कीर्तनात पखवाजाच्या धुमेला कणीक लावतात तोच हा प्रकार होय. ओल्या रव्याच्या वजनाने चामड्याचा कंप मंदावतो आणि खर्जाचा भरीव नाद मिळतो. कोरड्या हवेत आणि मंचावरील दिव्यांच्या उष्णतेत हा रवा वाळू लागतो, त्याबरोबर नाद चढतो, म्हणून वादक दोन रचनांच्या मधल्या अवकाशात बोटे पाण्यात बुडवून तो ओला करतो किंवा चिमूटभर नवा रवा चढवतो. उजव्या बाजूला लाकडी खुंटी आणि गुळगुळीत दगड घेऊन काठावर ठोके दिले जातात : काठ खाली बसवला तर स्वर चढतो, वर उचलला तर उतरतो. गायक आणि व्हायोलिनवादक पुढील रागाची तयारी करीत असताना चाललेले हे काम श्रोत्यांच्या लक्षातही येत नाही.

कच्चेरी, म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल, हीदेखील वेळेच्या अंदाजावर उभी असते. वर्णम् या आरंभीच्या रचनेने गळा आणि हात मोकळे होतात, पुढे लहानमोठ्या कृती येतात, आणि मध्यावर एका रागाचा विस्तृत आलाप, कृतीच्या एखाद्या ओळीवर केलेली लयबद्ध स्वररचना म्हणजे कल्पनास्वर, आणि तालवाद्यांचा स्वतंत्र खंड अशी मांडणी असते. यातील आलाप आणि कल्पनास्वर त्या क्षणी सुचलेले असतात. त्यांना मनोधर्म म्हणतात. मुख्य राग लांबला तर शेवटच्या हलक्या रचनांना कात्री लागते, आणि बंगळुरूच्या श्रोत्याला याच भागात पुरंदरदासादी हरिदासांची कन्नड पदे हवी असतात. अनेक गायक या ठिकाणी मराठी अभंगही गातात. त्यामागे एक जुना रस्ता आहे : १६३८ पासून बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते, त्यांचे पुत्र एकोजी येथूनच पुढे तंजावरला गेले, आणि तेथील मराठी राज्याच्या आश्रयाने वाढलेल्या वातावरणात एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनाची चाल तमिळ हरिकथेत मिसळली. दक्षिणेतील गायकाच्या तोंडी अभंग येणे हे त्यामुळे पाहुणचाराचे लक्षण नसून कच्चेरीच्या घडणीचाच भाग ठरते.

चैत्रपौर्णिमेच्या रात्री निघणारा करग हा नाशवंताचा सर्वांत टोकाचा उत्सव म्हणता येईल. जुन्या पेठेतील धर्मरायस्वामी मंदिर हे त्याचे केंद्र असून द्रौपदीला आदिशक्ती मानणारा तिगळ समाज, ज्याचा परंपरागत व्यवसाय बागायत हा आहे, तो हा उत्सव चालवतो. व्रतस्थ पुरुष स्त्रीवेष धारण करून मोगऱ्याच्या फुलांनी मढवलेला उंच करग, म्हणजे कलश, डोक्यावर हात न लावता तोलतो, आणि त्याच्या भोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार चालतात. मिरवणूक कॉटनपेटेतील हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही भेट देते. मोगरा संध्याकाळी उमलतो आणि सकाळपर्यंत मलूल होतो, त्यामुळे कळ्या उमलण्याआधी खुडणे, त्या ओल्या कापडात ठेवणे आणि मध्यरात्रीच्या सुमारास निघणाऱ्या करगासाठी वेळेत गुंफणे ही साखळी चुकून चालत नाही. बागायतदारांच्या समाजाकडे हा उत्सव असणे त्या दृष्टीने स्वाभाविकच वाटते. लालबागेत पुढे भरणारा आंबामेळाही याच व्यवहाराचे बाजारी रूप आहे. कोलार आणि रामनगर भागातील बादामी, रसपुरी, मल्लिका हे आंबे शेतकरी तेथे थेट विकतात आणि पिकलेल्या फळाचे आयुष्य संपण्याआधी दलालीचा एक टप्पा वाचतो.

गेल्या काही वर्षांत या व्यवस्थेत बदल झाले आहेत. अनेक ठिकाणी कोसंबरी आणि पानक केटररकडून मागवले जाते, मैफली घरबसल्या पडद्यावर पाहता येतात, आणि मोठ्या मांडवांना प्रायोजकांशिवाय खर्च झेपत नाही. करणारे हात विकत घेता येतात. परंतु किती करायचे हा प्रश्न केटररला सोडवता येत नाही. कोणत्या चौकात सकाळी किती शाळकरी मुले येतील, दुपारी किती रिक्षावाले थांबतील, रामनवमी रविवारी आली तर कोणत्या गल्लीतील माणसे गावाला गेलेली असतील, हे त्या वस्तीत राहणाऱ्यांनाच ठाऊक असते. डाळ कमी पडली तर माणूस रिकाम्या हाताने परततो आणि जास्त झाली तर फेकावी लागते. शीतगृहात ठेवून दोन दिवसांनी वाटण्याचा पर्याय येथे नाही. त्यामुळे सतत नवी माणसे सामावून घेणाऱ्या या शहरात प्रत्येक मंडळाला आपला आकडा दर चैत्रात पुन्हा मांडावा लागतो, आणि तो बरोबर यायचा तर शेजारी नव्याने राहायला आलेली माणसे कोण आहेत याची चौकशी आधी करावीच लागते.