अनुभवाचा रकाना

2014 च्या जूनमध्ये महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र माझ्या हातात आलं. नर्सिंगचं साडेतीन वर्षांचं जीएनएम, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, आणि आता नावापुढे आरएनआरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि सुईण, लिहिण्याचा हक्क. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, ते प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून रात्रभर देव्हाऱ्यापाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तासगावहून एसटी पकडून मी नोकरी शोधायला मिरजेला गेले. पुढचे पाच आठवडे हाच नेम होता.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथे 1894 मध्ये उभं राहिलं आणि तेव्हापासून कोल्हापूर, बेळगाव, अथणी, विजापूरकडचे पेशंट मिरजेची वाट धरत आले. स्टेशनपासून चालायला लागलं की पाटीमागून पाटी हॉस्पिटलचीच. इतक्या खाटांच्या गावात एका नर्सला जागा मिळणार नाही, असं आमच्या बॅचमधल्या एकीलाही वाटलं नव्हतं.

प्रत्येक काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला : “एक्स्पिरियन्स किती?”

इंटर्नशिपचे सहा महिने कोणी धरत नव्हतं. त्या सहा महिन्यांत मी सलग नाइट केल्या होत्या, लेबर रूममध्ये बाळं हातात घेतली होती, शेवटचा श्वास घेणाऱ्या आजोबांच्या उशाशी उभी राहिले होते. पण ते सगळं विद्यार्थिनी म्हणून. अर्जात ‘अनुभव’ नावाचा एक रकाना असायचा. तिथे मी आडवी रेघ ओढायचे आणि अर्ज परत करताना त्या रेघेवर अंगठा ठेवायचे.

नवीन मुलगी का नको असते, हे आज मला कळतं. तिला एकटीवर सोडायचं नसेल तर दोन-तीन महिने कोणीतरी अनुभवी नर्स तिच्याबरोबर हवी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स लागते, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एकास एक. मी पाहिलेल्या वॉर्डांत एकेकीकडे वीस-वीस पेशंट होते. जिला पाणी प्यायला सवड नाही, ती शिकवणार कधी? मग हॉस्पिटल दुसऱ्या कोणी तरी शिकवलेली नर्स शोधतं. ते दुसरं हॉस्पिटलही तेच करत असतं.

शेवटी जागा मिळाली ती जवळच्याच दुसऱ्या एका शहरात, पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलमध्ये. पगार 6,500 रुपये, वरच्या मजल्यावर राहायला खोली, दोन वर्षांचा बाँड. आधी सोडलं तर 30,000 रुपये भरायचे. अनुभव किती, हे तिथे विचारलं नाही. मूळ प्रमाणपत्रं मात्र मागितली. “इन्स्पेक्शनला लागतात,” एवढंच कारण. मुंबईत 2011 च्या ऑक्टोबरात खासगी रुग्णालयातल्या नर्सनी नेमक्या याच दोन गोष्टींविरुद्ध, बाँड आणि अडकवलेली प्रमाणपत्रं, काम थांबवलं होतं. तेव्हा मी विद्यार्थिनी होते, होस्टेलच्या टीव्हीवर ते पाहिलं होतं. तरी मी सही केली. पाच आठवड्यांच्या एसटीच्या तिकिटांचे पैसे आईने भिशीतून उचलले होते.

आठवड्याभरात माझं नोंदणी प्रमाणपत्र चौकटीत घालून रिसेप्शनच्या भिंतीवर लागलं. शेजारी आणखी तीन चौकटी होत्या. तिघींची नावं मी ड्युटीच्या तक्त्यात शोधली. एकीचंही नव्हतं. वॉर्ड चालवत होत्या त्या सहा महिन्यांचे कोर्स केलेल्या मुली आणि मावशी. त्या मुलींबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्यांच्यातल्या एकीला अंगावर सूज चढलेल्या माणसाची व्हेनही पहिल्या फटक्यात सापडायची, आणि कोणतं औषध कोणत्या खणात आहे हे मला तिनेच दाखवलं. पण पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत का द्यायचं नाही, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. पंचवीस खाटांमध्ये नोंदणी असलेली मी एकटी, आणि नोंदणी हातात येऊन मला दोन महिनेही झाले नव्हते.

ऑगस्टमधली एक रात्र. मधुमेहाच्या एका काकूंना 20 युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. बाटली त्यांच्या मुलाने पुण्याहून आणलेली. मी रोजची लाल टोपणाची सिरिंज घेतली आणि 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं. स्पिरिटचा बोळा त्यांच्या दंडावर फिरवताना बाटली ट्रेमध्ये कलंडली आणि लेबल वर आलं : 100. लाल टोपणाची सिरिंज 40 च्या बाटलीसाठी असते. तिच्यावर 20 ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. 40 च्या बाटलीतून तेवढ्यात 20 युनिट येतात, 100 च्या बाटलीतून 50. मी सिरिंज खाली ठेवली. काकूंनी विचारलं, “काय झालं गं बाळा?” मी म्हटलं, “सुई बदलते.” मग ड्रेसिंग रूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मला फक्त एक माणूस हवं होतं, बाटली आणि सिरिंज दोन्ही दाखवून ‘बरोबर आहे ना?’ एवढं विचारायला. डॉक्टरांचा फोन तिसऱ्या वेळी लागला. नारिंगी टोपणाची, 100 ची सिरिंज उघड्या मेडिकलमधून आणायला काकूंचा मुलगा पावसात गेला.

सकाळी मी सगळं सांगितलं. दोन्ही सिरिंजा वॉर्डात ठेवा आणि इन्सुलिन दोघींनी तपासल्याशिवाय देऊ नका, असं सुचवलं. उत्तर आलं, “काही झालं नाही ना? मग झालं.” त्या वाक्यानंतर मला तिथे झोप लागली नाही. त्या हॉस्पिटलला नर्स नको होती, भिंतीसाठी नोंदणी क्रमांक हवा होता, हे माझ्या पुरतं ध्यानात आलं.

पाचव्या महिन्यात मी सोडते म्हटलं. 30,000 कुठून आणणार होतो आम्ही? आण्णा आले. भांडण त्यांना कधी जमलं नाही. ते रिसेप्शनसमोरच्या बाकावर बसले. पहिल्या दिवशी बसले, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बसले. शेजारी बसलेल्या पेशंटनी विचारलं की सांगायचे, “मुलीचा कागद न्यायला आलोय.” तिसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र मिळालं. दोन महिन्यांचा पगार बुडाला आणि अनुभवाचा दाखला दिला नाही. म्हणजे पाच महिने राबूनही त्या रकान्यात पुन्हा रेघच.

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाने मला घेतलं ते जानेवारी 2015 मध्ये. मुलाखतीत मेट्रन मॅडमनी माझी फाइल उघडलीच नाही. कागद पुढे सरकवून म्हणाल्या, “500 एमएल, चार तासांत, 20 थेंबांचा सेट. मिनिटाला किती?” मी मांडलं : दहा हजार थेंब, 240 मिनिटं, साधारण 42. “मायक्रोड्रिप असता तर?” साठ थेंबांना एक मिलिलिटर, म्हणजे 125. मग त्या मला वॉर्डात घेऊन गेल्या आणि एका आजींना कुशीवर वळवायला सांगितलं. त्यांना हात लावण्याआधी मी त्यांच्याशी बोलते का, हे त्या पाहत होत्या, असं नंतर कळलं.

पगार 8,000. पण पहिला महिनाभर इनचार्ज सिस्टर माझ्या शेजारून हलल्या नाहीत. शिरेतलं एकही इंजेक्शन मी एकटीने द्यायचं नाही. अ‍ॅम्प्युल फोडण्याआधी नाव मोठ्याने वाचायचं, फोडल्यावर पुन्हा वाचायचं. हँडओव्हर खाटेशी उभं राहून द्यायचा, टेबलावर बसून नाही. सीमेपलीकडून आलेल्या पेशंटसाठी त्यांनी मला कानडीही शिकवलं. “एल्लि नोवु?” म्हणजे कुठे दुखतं. पहिल्यांदा मी हे विचारलं तेव्हा अथणीच्या एका शेतकऱ्याने माझा हात धरून पाच मिनिटं काहीतरी सांगितलं. त्यातले दोनच शब्द मला कळले, पण त्यांचा रक्तदाब त्या दिवशी पहिल्यांदा खाली आला. मी माझी पहिली नोकरी हीच मानते.

त्यानंतर बाहेर बरंच घडलं. जानेवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी नर्सच्या पगाराकडे पाहायला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने पन्नास खाटांखालच्या रुग्णालयातही किमान 20,000 रुपये द्यावेत, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. ती वाचून मी आण्णांना फोन केला होता. शिफारस कागदावर राहिली, माझ्या ओळखीच्या छोट्या हॉस्पिटलांत तरी. 2020 मध्ये कोविड आला आणि अनुभवाचा प्रश्न रातोरात बंद झाला. कालच निकाल लागलेल्या मुलींना पीपीई घालून आत पाठवलं. लाट ओसरली आणि त्यांतल्या कितीतरी जणींची कंत्राटं संपली. ज्यांनी सर्वांत कठीण दिवस काढले, त्यांना पुन्हा फाइल घेऊन फिरावं लागलं. हे मला अजून सहन होत नाही. माझ्या बॅचमधली एक आखातात आहे, एक एम्सची नॉर्सेट परीक्षा देऊन लागली, एक सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. दोघींनी हे काम सोडलं, आणि त्या दोघींचीही सुरुवात एकट्या नाइटने झाली होती.

आता मुलाखतीच्या टेबलावर मेट्रन मॅडमच्या शेजारी इनचार्ज म्हणून मी बसते. 2023 च्या जूनमध्ये एक मुलगी आली. थेंबांचं गणित तिने तोंडी केलं. अनुभवाच्या रकान्यात आडवी रेघ होती, आणि अर्ज देताना तिचा अंगठा त्या रेघेवर होता.

“मधले नऊ महिने कुठे होतीस?” मी विचारलं.

तिने हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाली, “सिस्टर, तुमचं नाव मी तिथे वाचलंय. रिसेप्शनच्या भिंतीवर, माझ्या शेजारच्या चौकटीत.”

मूळ प्रमाणपत्र आण्णांनी आणलं होतं. चौकटीत झेरॉक्स राहिली असणार. नऊ वर्षं.

“रात्री तुझ्याबरोबर कोण असायचं?”

“कोणी नाही.”

परिषदेला आणि आरोग्य खात्याला लिहायची पत्रं मी त्याच संध्याकाळी लिहायला घेतली. त्याआधी तिचा अर्ज ओढला, रेघ खोडली आणि त्या रकान्यात लिहिलं : नऊ महिने, रात्रपाळी, एकटी. खाली माझी सही केली.