कोड टाका, दर आपोआप

मैत्रिणींनो, मागच्या दिवाळीत आमच्या गटात अर्ध्या किलो चकलीला पाव किलोचा दर लागला. फरक गटानेच सोसला. तेव्हापासून दर हाताने टाकणं बंद!

एक्सेल किंवा गूगल शीटच्या एका बाजूला एच रकान्यात कोड लिहा (चक५०० म्हणजे चकली अर्धा किलो), आय रकान्यात दर. ऑर्डर आली की ए२ मध्ये कोड, बी२ मध्ये नग. सी२ मध्ये हे सूत्र:

=व्हीलुकअप(ए२,एच:आय,२,०)*बी२

सूत्रातली अक्षरं-आकडे इंग्रजीतच टाइप करायचे. २ म्हणजे दुसरा रकाना, दराचा. शेवटचा ० मात्र विसरू नका गं. तो नसला तर शीट भलताच दर उचलू शकते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ० असला की न सापडलेल्या कोडला सरळ ‘एन/ए’ येतं. कोडमागे स्पेस पडली किंवा एकीकडे मराठी, दुसरीकडे इंग्रजी आकडे असले, तरी तसंच येतं.

डाळ महागली तर आय मधला दर बदला. पण त्याबरोबर जुन्या ऑर्डरींच्या रकमाही बदलतात! म्हणून आधी त्या रकमा कॉपी करून तिथेच ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा, मगच दराला हात लावा.