एन-४ झालं, जपानलाही पोहोचले. मग भाषा अडते कुठे?

जपानी विद्यापीठात वर्षभराच्या एक्स्चेंजवर गेलेल्या विद्यार्थ्याची सुरुवातीलाच प्लेसमेंट टेस्ट होते. 'मिन्ना नो निहोंगो' किंवा 'गेंकी'चे दोन्ही भाग संपलेले असतात, एन-४ परीक्षाही पदरात पडलेली असते. साहजिकच वर्ग मिळतो तो 'च्यूक्यू', म्हणजे मध्यम पातळीचा. वर्गात ठीक चालतं. मग राहण्याचा पत्ता नक्की झाला की १४ दिवसांच्या आत पालिकेच्या कचेरीत नोंद करायला जावं लागतं, आणि काउंटरपलीकडचा माणूस जे बोलतो त्यातलं निम्मंही कळत नाही. रात्री होस्टेलवर जपानी मुलं आपापसात बोलतात, तेही डोक्यावरून जातं.

अभ्यास कमी पडला म्हणून हे होतं, असं नाही. प्राथमिक पुस्तकं मुख्यतः एकच सभ्य बोली पक्की करून घेतात, 'देस' आणि 'मास'ची. कचेरीतला कारकून त्याच्या वरच्या आदराच्या भाषेत, म्हणजे 'केइगो'त बोलतो. वर्गमित्र त्याच्या खालच्या मोकळ्या भाषेत. मधली एकच पट्टी येणारा विद्यार्थी दोन्हीकडे परका ठरतो. कंटाळून काही जण इंग्रजी बोलणाऱ्या परदेशी मुलांच्या घोळक्यात जाऊन बसतात, आणि वर्ष तिथंच संपतं.

ही पायरी मुळातच उंच आहे. जेएलपीटी या जपानी प्रावीण्य परीक्षेत २००९ पर्यंत चारच स्तर होते. तिसऱ्या आणि दुसऱ्या स्तरातलं अंतर फार मोठं पडत होतं, म्हणून २०१० पासून मध्ये एन-३ घातला गेला. त्यात १८० पैकी ९५ गुण लागतात, शिवाय तिन्ही भागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९. मात्र या परीक्षेत बोलायचंही नसतं आणि लिहायचंही नसतं, फक्त पर्याय निवडायचे. त्यामुळे प्रमाणपत्र हातात आणि तोंड बंद, असंही होऊ शकतं.

मराठी मुलांची गोष्ट जरा वेगळी आहे. त्यांच्याकडे जवळची वाट असते आणि ती ते वापरत नाहीत, कारण हातातलं पुस्तक व्याकरण इंग्रजीतून समजावतं. 'ताबेते मिरु' इंग्रजीतून कळायला वेळ लागतो. मराठीत ते दोन शब्दांत होतं: खाऊन पाहणे. 'मिरु' म्हणजे पाहणेच. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, आणि 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे. 'नाओशिते मोराउ' म्हणजे दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. या 'शिमाउ'त कधी संपवल्याचा भाव असतो, तर कधी 'हे काय होऊन बसलं' अशी हळहळ.

आवडीनिवडीचंही तसंच. इंग्रजीतून विचार करणारा आंब्याला कर्म समजून 'ओ' हा प्रत्यय लावतो आणि चुकतो. मराठीत 'मला आंबा आवडतो', म्हणजे आंबा कर्ता. जपानीतही तिथं 'गा'च येतो, 'मांगो गा सुकि'. 'मला जपानी येते' हेही थेट 'निहोंगो गा देकिरु'. क्रियापद शेवटी ठेवायची सवय तर बेळगावकडच्या मुलांना मराठी आणि कन्नड दोन्हींतून लागलेली असते. उच्चारातही मराठी माणूस नशीबवान. 'त्सु'साठी 'चूल'मधला च आणि 'चि'साठी 'चिमणी'तला च, दोन्ही तयार आहेत. फक्त मात्रा सांभाळाव्या लागतात. 'ब्योओइन' म्हणजे दवाखाना, 'बियोओइन' म्हणजे ब्युटी पार्लर. घाईत बोललं तर रिक्षा, म्हणजे तिथली टॅक्सी, भलतीकडेच जायची.

पण मराठीची वाट शेवटपर्यंत नेत नाही, आणि माणसं दुखावतात ती नेमकी तिथं. मराठीत 'देणे' एकच. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु'. 'सेन्सेइ गा ओशिएमाशिता', सरांनी शिकवलं, हे वाक्य व्याकरणात बरोबर आहे, पण जपानी कानाला कोरडं लागतं, जणू उपकाराची जाणीवच नाही. तिथं 'ओशिएते कुदासाइमाशिता' हवं. 'कुदासारु' हे 'कुरेरु'चंच आदरार्थी रूप. उलट सरांची बॅग उचलताना 'मोत्ते आगेमास' म्हटलं, तर मीच तुमच्यावर उपकार करतोय असा सूर लागतो. तिथं 'ओमोचि शिमास' म्हणायचं.

त्याहून अवघड आदराचं गणित. मराठीत 'बाबा आलेत' हे घरात म्हणा की परक्यासमोर, आदर तेवढाच राहतो. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःचे वडील 'ओतोओसान' राहत नाहीत, 'चिचि' होतात आणि आदरार्थी क्रियापदही गळतं. दुकानात काम करणाऱ्या मुलाला गिऱ्हाइकाच्या फोनवर आपल्याच मॅनेजरचं नाव 'सान' न लावता घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी जीभ रेटत नाही. आदर माणसाचा नसून आतला कोण आणि बाहेरचा कोण याचा आहे, हे एकदा कळलं की 'केइगो'ची निम्मी भीती जाते.

कांजीचं ओझं मात्र वाहावंच लागतं. सरकारी यादीत रोजच्या वापरातली २,१३६ अक्षरं आहेत आणि एकाच अक्षराचे उच्चार अनेक. इथं पुन्हा मराठी थोडी कामाला येते. आपण सुट्टं 'पाणी' म्हणतो, जोडशब्दात 'जल'. पाण्याची कांजीही एकटी असली की 'मिझु', जोडीला आली की 'सुइ'. 'सुइएइ' म्हणजे जलतरण, 'सुइर्योकु' म्हणजे जलशक्ती. सुटी अक्षरं घोकण्यापेक्षा असे जोडशब्द पाठ करणं केव्हाही बरं.

ओसाका, क्योतोकडे गेलेल्यांना आणखी एक धक्का बसतो. पुस्तकातलं 'दामे' तिथं 'अकान' होतं, 'होंतो' 'होन्मा' होतं. ज्यांच्या घरात शाळेची मराठी वेगळी आणि गल्लीतलं 'होय की', 'ये की' वेगळं, त्यांना हे नवीन वाटू नये. वाक्याच्या शेवटचा 'यो' पुष्कळदा या 'की'सारखाच ऐकू येतो, आणि 'ने' आपल्या 'ना'सारखा.

बोलण्याची सवय कुठे करायची? विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. पैशापेक्षा कानासाठी ते मोलाचं, कारण दुकानातला 'केइगो' ठरलेल्या वाक्यांचा असतो. जुलै २०२० पासून प्लास्टिक पिशवीला पैसे पडतात, म्हणून पिशवी हवी का हे विचारलं जातं. मग डबा गरम करू का, चॉपस्टिक्स देऊ का. अशी दहा-पंधरा वाक्यं रोज शेकडो वेळा बोलली की ती तोंडात बसतात. काम नको असेल तर विद्यापीठातली 'साआकुरु', म्हणजे विद्यार्थ्यांची छंदमंडळं, मोकळी भाषा ऐकायला चांगली. तिथं इंग्रजी फारसं चालत नाही, हाच फायदा.

परीक्षेचं वेळापत्रक निघण्यापूर्वीच पाहून ठेवावं. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. सप्टेंबरअखेर जपानला पोहोचणाऱ्यांसाठी डिसेंबरचे अर्ज बहुधा तोवर बंद झालेले असतात. म्हणजे उरते ती पुढची जुलैची परीक्षा, आणि तिचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो तेव्हा परतीची बॅग भरायला घेतलेली असते.